नैराश्याआडचा भ्रम

गोदावरीच्या काठावरील सायखेडा हे निफाड तालुक्यातील गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कांदा, द्राक्षे आणि पूर या तीन गोष्टींसाठी. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये नदीचे पाणी सायखेडा-चांदोरी परिसरात शिरले आणि घरे, दुकाने, उभी पिके त्याखाली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. तोपर्यंत अनेकांचा हंगाम हातचा गेला होता. अशा भागात एखादा वयस्क शेतकरी जेवणाखाण्यावरून उडाला, रात्र रात्र जागू लागला आणि ‘आता आपण संपलो’ असे म्हणू लागला, तर त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. भाव पडलेला आहे, सोसायटीचे कर्ज आहे; माणूस खचणारच, असे म्हणून घरचे आणि गावकरी त्याची समजूत काढतात.

मात्र या समजुतीआड काही वेळा एक गंभीर आजार दडून राहतो. समजा, त्या शेतकऱ्याचे कर्ज फिटलेले आहे. मुलगा त्याच्यासमोर कोरा सातबारा ठेवतो, सोसायटीचा बेबाकी दाखला वाचून दाखवतो. तरीही ‘हे कागद खोटे आहेत, उद्या जप्ती येणार, माझ्या पापामुळे तुम्ही सगळे रस्त्यावर येणार’ हेच तो पुन:पुन्हा सांगतो. कोणत्याही पुराव्याने त्याची खात्री ढळत नाही. या क्षणी प्रश्न कर्जाचा उरलेला नसतो. नैराश्याने आता भ्रमाचे रूप घेतलेले असते. वैद्यकशास्त्र या अवस्थेला ‘मनोविकृतीच्या लक्षणांसह तीव्र नैराश्य’ असे म्हणते. नैराश्याच्या सर्व प्रकारांत अधिक घातक गणला जाणारा हा प्रकार आहे. तो उपचारांना चांगला प्रतिसाद देतो आणि तरीही सहज नजरेतून सुटतो. त्यामुळे ग्रामीण मानसिक आरोग्यव्यवस्थेची ही एक कसोटीच आहे.

दु:खाच्याच रंगाचे भ्रम

या आजारात नैराश्याची सर्व परिचित लक्षणे असतातच. मन सतत उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, पहाटे फार लवकर जाग येते, भूक आणि वजन घटते, हालचाल आणि बोलणे मंदावते किंवा उलट विलक्षण अस्वस्थता येते. त्यांच्या जोडीला भ्रम म्हणजे पुराव्याने न ढळणारी चुकीची खात्री, किंवा भास म्हणजे प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणे, अशी लक्षणे दिसतात. हे भ्रम बहुतेक वेळा नैराश्याच्याच रंगात रंगलेले असतात. आपण अक्षम्य अपराध केला आहे, आपण भिकेला लागलो आहोत, आपल्याला असाध्य रोग जडला आहे, आपली आतडी सडली आहेत, पोलिस आपल्याला न्यायला येत आहेत, अशा स्वरूपाच्या या समजुती असतात. आवाज ऐकू आले तर तेही दूषणे देणारे, शिक्षा सुनावणारे असतात. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ ज्यूल कोतार यांनी १८८० मध्ये अशा एका रुग्णेचे वर्णन केले होते. आपल्याला मेंदू नाही, आतडी नाहीत, अशी तिची ठाम समजूत होती. आजही ही टोकाची अवस्था ‘कोतार’ याच नावाने ओळखली जाते.

हा आजार समजला जातो तितका दुर्मीळ नाही. युरोपातील पाच देशांत सुमारे १९ हजार लोकांच्या मुलाखतींवर आधारलेली एक पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तीव्र नैराश्याचे निकष पूर्ण करणाऱ्यांपैकी १८.५ टक्के व्यक्तींमध्ये भ्रम वा भासाची लक्षणे आढळली. म्हणजे साधारण पाचांत एक. वृद्धांमध्ये, विशेषत: रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्यांमध्ये, हे प्रमाण अधिक असते. साध्या नैराश्याच्या तुलनेत या अवस्थेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे अभ्यास सांगतात. ‘माझ्यामुळे घर बुडणार’ ही ज्याची अढळ खात्री आहे, त्याला आपले नसणे हाच घरावरचा उपकार वाटू लागतो. धोक्याचे मूळ या खात्रीत आहे.

ओळख का पटत नाही?

पहिले कारण असे की, भ्रम खऱ्या अडचणींचीच भाषा बोलतात. ‘परग्रहावरचे लोक माझ्या मागावर आहेत’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा तात्काळ सावध होतो. ‘मी कर्जात बुडालो’ असे निफाड तालुक्यातला शेतकरी म्हणाला, तर ते वाक्य कोणालाच खटकत नाही. जिथे कर्जबाजारीपणा, पीकबुडी आणि आजारपण प्रत्यक्षात आहे, तिथे त्यांविषयीचा भ्रम वेगळा काढणे कठीण जाते. काही वेळा कर्ज खरोखरच असते. पण ५० हजारांचे कर्ज रुग्णाच्या मनात सात पिढ्यांना न फिटणारे झालेले असते. खरी अडचण आणि भ्रम हातात हात घालून येतात, तेव्हा अडचणीवर उपाय करूनही भ्रम तसाच राहतो आणि घरचे हतबल होतात.

दुसरे कारण रुग्णाच्या मौनात आहे. आपल्याला आवाज ऐकू येतात, आपण पापी आहोत, हे तो सहसा आपणहून सांगत नाही. काहींना लाज वाटते, काहींना ‘वेडा’ ठरवले जाण्याची भीती वाटते, तर काहींना आपण शिक्षेलाच पात्र आहोत, मग सांगून काय उपयोग, असे वाटते. ही गोष्ट तज्ज्ञांनाही चकवते. अमेरिकेतील चार शैक्षणिक वैद्यकीय केंद्रांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराच्या २७ टक्के रुग्णांचे निदान सुरुवातीला चुकल्याचे दिसून आले. नामांकित संस्थांची ही स्थिती असेल, तर गर्दीने भरलेल्या ग्रामीण दवाखान्यातील डॉक्टरला दोष देऊन भागणार नाही.

तिसरे कारण आपल्या समाजाच्या मनातील विभागणीचे आहे. मराठी घरांत मनाच्या दुखण्याला दोनच कप्पे आहेत. एकीकडे ‘टेन्शन’, ज्यावर चार समजुतीचे शब्द, देवदर्शन किंवा हवापालट पुरेसा मानला जातो. दुसरीकडे ‘वेड’, ज्याचे नाव काढताच घराची दारे बंद होतात. मराठी चित्रपटाने या विषयांना धिटाईने हात घातला, हे नमूद करायला हवे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर होता, तर त्यांचाच ‘कासव’ (२०१६) नैराश्यावर होता. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. या दोन्ही आजारांची चर्चा त्यामुळे काही प्रमाणात घराघरांत पोहोचली. मात्र नैराश्य आणि भ्रम एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, याची जाणीव अद्याप रुजलेली नाही. परिणामी असा रुग्ण आधी ‘टेन्शन’च्या कप्प्यात राहून उपचारांना मुकतो आणि पुढे ‘वेडा’च्या कप्प्यात पडून समाजाला मुकतो.

या दोन कप्प्यांच्या मधली वाट बहुतेकदा देवऋषी किंवा भगताकडे जाते. रुग्ण पापाची, शापाची, करणीची भाषा बोलत असतो आणि त्या भाषेला प्रतिसाद देणारा पहिला माणूस तोच असतो. मनोरुग्णांना साखळदंडात ठेवण्याचे भीषण परिणाम देशाने तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. तेथील आगीत साखळीने बांधलेल्या २८ रुग्णांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे किंवा वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा आता गुन्हा आहे. तथापि केवळ कायद्याच्या धाकाने कुटुंबाची श्रद्धा बदलत नाही. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमाने प्रार्थनेच्या जागेतच मनोविकारतज्ज्ञाची सोय केली. श्रद्धेशी भांडण न मांडता औषधापर्यंत पोहोचवण्याचा हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे.

उपचार आहेत, पण ते वेगळे आहेत

या आजाराचे वेगळे निदान होणे का महत्त्वाचे, याचे उत्तर उपचारांत आहे. साध्या सौम्य नैराश्यात समुपदेशनाने पुष्कळ साधते. भ्रम असलेल्या तीव्र नैराश्यात केवळ समुपदेशन पुरत नाही आणि केवळ नैराश्याची गोळीही बहुधा अपुरी पडते. नैराश्यविरोधी औषध आणि भ्रम कमी करणारे औषध एकत्र देणे ही मान्य पद्धत आहे. अमेरिका आणि कॅनडातील २५९ रुग्णांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ओलान्झापिन आणि सर्ट्रालिन ही दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांपैकी ४१.९ टक्के रुग्ण पूर्णत: लक्षणमुक्त झाले, केवळ ओलान्झापिन घेणाऱ्यांत हे प्रमाण २३.९ टक्के होते. या दोन्ही औषधांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या भारतात मिळतात. अर्थात कोणते औषध, किती आणि कोणाला, हे मनोविकारतज्ज्ञानेच ठरवायचे असते. वजन आणि रक्तातील साखर वाढण्यासारख्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणे हा उपचारांचाच भाग आहे.

रुग्ण खाणे-पिणे सोडून बसला असेल किंवा आत्महत्येचा धोका निकट असेल, तर विद्युत उपचार अधिक वेगाने गुण देतात. ‘शॉक’ या शब्दाभोवती हिंदी चित्रपटांनी भीतीचे वलय उभे केले. वास्तविक हे उपचार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करावेत, असे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घातले आहे. तात्पुरत्या विस्मरणाचा त्रास त्यात होऊ शकतो, हे खरे; परंतु याच आजारात त्यांचा गुण सर्वाधिक येतो, हेही तितकेच खरे आहे.

घरच्यांची सर्वांत मोठी चूक बरे वाटू लागल्यानंतर होते. माणूस शेतावर जाऊ लागला, हसू लागला की गोळ्या बंद केल्या जातात. बरे झालेल्या १२६ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले, ते या बाबतीत बोलके आहेत. दोन्ही औषधे पुढे ३६ आठवडे चालू ठेवलेल्यांपैकी २०.३ टक्के रुग्णांना आजार उलटला. भ्रमावरचे औषध थांबवलेल्यांमध्ये हेच प्रमाण ५४.८ टक्के होते. कांद्याचा एक हंगाम जाऊन दुसरा येईपर्यंत तरी औषधावरचा हात निघू नये, असाच याचा अर्थ.

नऊ प्रश्नांच्या पलीकडे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के आणि मनोविकृतीच्या सुमारे ७५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. १२ राज्यांत झालेल्या या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. सायखेड्यातील कुटुंबासाठी मात्र पहिला दरवाजा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाचा आणि त्याआधी गावातील आशा सेविकेचा आहे.

या पहिल्या दरवाजावर काय शक्य आहे, हे नाशिक जिल्ह्याने याआधी दाखवून दिले आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात पेठ तालुक्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला. निफाडच्या बागायती पट्ट्याहून पेठ अगदी वेगळा, डोंगराळ आणि आदिवासी तालुका. तेथे गावातल्याच स्वयंसेवकांना खचलेली माणसे ओळखण्याचे, त्यांचे ऐकून घेण्याचे आणि गंभीर रुग्णांना सरकारी दवाखान्यापर्यंत नेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावपातळीवरील साध्या माणसांच्या बळावर पुष्कळ काही होऊ शकते, याबद्दल आता शंका उरू नये.

परंतु या प्रयत्नांची रचना प्रामुख्याने साध्या नैराश्यासाठी आहे. नैराश्याच्या चाळणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. त्यांत झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, आत्महत्येचे विचार हे सारे आहे, पण भ्रम वा भासाविषयी एकही प्रश्न नाही. आशा सेविका भरतात त्या तपासणी अर्जात तर नैराश्याचे दोनच प्रश्न आहेत. त्यामुळे चाळणीतून ‘नैराश्य’ म्हणून पुढे आलेला भ्रमग्रस्त रुग्ण समुपदेशनाच्या रांगेत बसवला जाण्याची शक्यता राहते. यावरचा उपाय खर्चिक नाही. नैराश्य आढळलेल्या प्रत्येकाला आणखी दोन-तीन प्रश्न हळुवारपणे विचारले जावेत. ‘इतरांना पटत नाही, पण तुमची पक्की खात्री आहे, असे काही मनात आहे का?’ ‘कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?’ ‘कोणी शिक्षा करणार, असे वाटते का?’ उत्तर होकारार्थी आले, तर त्या व्यक्तीची पुढची भेट समुपदेशकाऐवजी थेट मनोविकारतज्ज्ञाशी, आणि तीही पुढच्या महिन्याच्या शिबिराची वाट न पाहता, व्हायला हवी. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दारू अचानक सोडणे, जंतुसंसर्ग यांतूनही अशी लक्षणे उद्भवू शकतात. यापूर्वी कधी अतिउत्साहाचा झटका आला होता का, हेही पाहावे लागते. म्हणूनच या टप्प्यावर डॉक्टर अपरिहार्य ठरतो.

कायद्याने दिलेले हक्क

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या वाटेवरील अनेक अडथळे कागदावर तरी दूर केले आहेत. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा आता हक्क आहे. जिल्ह्यातील सरकारी व्यवस्थेत किमान सेवा उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही कायदा सांगतो. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाने निवडलेला प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो आणि रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात हलवण्याची व्यवस्थाही त्यात येते. रुग्णाला स्वत: निर्णय घेणे अशक्य झाले असेल आणि त्याच्या जिवाला धोका असेल, तर प्रतिनिधीच्या विनंतीवरून आणि दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे कायदा गृहीत धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने ३०९ कलम उरलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून प्रकार दडपण्याचे कारण त्यामुळे राहिलेले नाही.

या हक्कांची माहिती गावापर्यंत पोहोचली आहे का, हा खरा प्रश्न आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. रुग्ण बोलायला तयार नसेल, तर घरच्यांनीही या क्रमांकावर सल्ला घ्यावा. दरम्यान, भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला दुजोराही देऊ नये. ‘जप्ती येणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे; पण तुम्हाला किती भीती वाटते आहे, तेही दिसते आहे. चला, झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊ या,’ असे सांगणे अधिक उपयोगी पडते. झोप आणि भूक या तक्रारींवर उपचार घ्यायला रुग्ण बहुधा तयार होतो. डॉक्टरांना मात्र भ्रमाविषयी घरच्यांनी स्पष्ट सांगावे. तोवर रुग्णाला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२ हजार ७४६, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रातील होत्या. शेतमालाचे भाव, पतपुरवठा आणि पूरनियंत्रण यांवरील राजकीय उत्तरे शेतकऱ्याला हवीच आहेत. आजाराचे नाव पुढे करून ती टाळण्याची मुभा कोणत्याही सरकारला नाही. पण कर्जमाफीचा कागद हातात पडल्यावरही ज्याच्या मनातील जप्ती थांबत नाही, त्याला त्या उत्तरांच्या जोडीला वेळेवर निदान आणि औषधही हवे. आशा सेविकांच्या प्रशिक्षणात दोन-तीन प्रश्नांची भर, ग्रामीण रुग्णालयांत औषधांचा अखंड पुरवठा आणि तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचवणारी व्यवस्था, एवढ्या मागण्या अवास्तव म्हणता येणार नाहीत. सायखेड्यापासून नाशिक काही दूर नाही. ते अंतर कोणत्याही रुग्णासाठी कायमचे ठरू नये, हे पाहण्याची जबाबदारी शासनाची आणि त्याचबरोबर समाजाचीही आहे.